अठरा केळी आणि फेरतपासणी

सरकारी नोकरीच्या डॉक्टरी तपासणीला जाण्याआधी मी अठरा केळी खाल्ली होती. एका बैठकीत, असं म्हणायची पद्धत आहे, पण मी ती धुळ्याच्या सरकारी दवाखान्याबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली उभ्यानेच खाल्ली. का? तर वजन कमी भरू नये म्हणून.

हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे एखादी काडीसारखी मुलगी आली असेल, तर तिला हाकलून द्या. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई आणि दोन्ही बाळंतपणांतले डिंकाचे लाडू अंगावर जसेच्या तसे जपून ठेवलेली बाई होते. पण मी जाड आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात आरसा होता तो हातभर. त्यात कपाळाचं कुंकू दिसे, फार तर हनुवटी. बाकीची मी कुठवर पसरले आहे, ते त्या आरशाला आणि मला दोघांनाही माहीत नव्हतं. माहेरी गेले की आई म्हणायची, "वाळली गं माझी लेक!" आणि मी ते खरं मानून आणखी एक पोळी घ्यायची.

केळ्यांची कल्पना माझ्या भावाची. माझं माहेर जळगाव जिल्ह्यातलं, तापीच्या काठचं, केळीच्या बागांमधलं. भाऊ वर्षभरापूर्वी पोलीस भरतीला गेला होता आणि वजन कमी पडलं म्हणून परत आला होता. तेव्हापासून सरकार आणि वजन या विषयात आमच्या सगळ्या नातेवाइकांमध्ये तोच एक जाणता. माझी तपासणी आहे कळल्यावर तो पिकलेल्या केळ्यांच्या दोन भरगच्च फण्या घेऊन एसटीने धुळ्याला आला.

"अक्का, सरकारला भरीव माणूस लागतो," तो म्हणाला. "माझ्याबरोबरच्या एका पोराने बाहेर डझनभर केळी खाल्ली, तो लागला. मी लाजलो, मी राहिलो."

"पण मला तर शाळेत शिकवायचंय. चोर कुठे पकडायचेत?"

"काटा तोच असतो ना?"

मला ते पटलं. शिवाय ही नोकरी मला हवी होती, किती हवी होती ते आज सांगूनही कळायचं नाही. लग्नाआधी मी मास्तरणीचा कोर्स पुरा केला होता. त्याचं सर्टिफिकेट सहा वर्षं पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या खाली पडून होतं. दर दिवाळीला मी ते काढून पुसायची आणि परत ठेवायची. आता यादीत नाव लागलं होतं. राहिली होती ती फक्त तपासणी. म्हणून भावाने डझन सांगितली, मी दीड डझन खाल्ली. हुशार मुलगी होते ना मी!

डॉक्टर वयस्कर होते, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, काटा पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा काटा पाहिला. टेबलावर झोपवून पोटावर बोटांनी टकटक केलं. पोट म्हणजे तेव्हा ताणून बसवलेला ढोल होता.

"कितवा महिना, बाई?"

मला वाटलं, मास्तरीण होणार म्हणून सामान्य ज्ञान विचारताहेत. मी ताडकन म्हणाले, "फाल्गुन. बारावा."

नर्स तोंडावर पदर धरून बाहेर पळाली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग सगळा उलगडा झाला, म्हणजे मी दिवसांत नाही एवढाच. केळ्यांचं मी मेले तरी बोलले नाही. त्यांनी दंडाला पट्टा बांधून फुगा दाबला आणि कागदावर लिहिलं: वजन जास्त, रक्तदाब जास्त, सध्या अपात्र, तीन महिन्यांनी फेरतपासणी.

"पुढल्या वेळी हेच निघालं तर यादीतल्या पुढच्या नावाला बोलावतील," ते म्हणाले. "घरात हिंडत्या फिरत्या राहा. आणि मन शांत ठेवा."

मन शांत ठेवा म्हणे! मन म्हणजे काय दह्याचं विरजण आहे, झाकून फडताळात ठेवलं की सकाळी लागलेलं?

खरी गंमत घरी होती. माझ्या सासूबाईंनी, आत्याबाई म्हणायची मी त्यांना, तपासणीचा निकाल यायची वाटच पाहिली नव्हती. मी दवाखान्याबाहेर केळी खात होते तेव्हा त्या गल्लीत साखर वाटत होत्या. त्या पक्क्या खान्देशी बोलायच्या. मी शिकलेली म्हणून 'आहे' म्हणायची आणि त्या 'शे'. मी गल्लीच्या तोंडाशी आले तर त्यांचा आवाज चार घरं ओलांडून येत होता, "मनी वहू मास्तरीन व्हई गयी!"

आता अशा बाईला दारात उभं राहून काय सांगणार? मी म्हणाले, "आत्याबाई, डॉक्टर रजेवर गेलेत. तीन महिन्यांनी बोलावलंय."

"तीन महिनानी रजा? डाक्टर बाळंत व्हनार शे का?"

त्यांनी एवढं विचारलं आणि सोडून दिलं. मी मात्र सुटले नाही. रोज सकाळी नळावर कोणी ना कोणी विचारायचं, "आली का ऑर्डर?" मी रोज नवीन काहीतरी सांगायची आणि कोणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायची. रात्री डोळा लागायचा नाही. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ते तेलाच्या मिलमध्ये कारकून, दिवसातून जेमतेम दहा वाक्यं बोलणारे. त्यांना सांगितलं असतं तर ते "बरं" म्हणाले असते, आणि त्या एका "बरं"चीच मला धास्ती होती.

मग मी वजन उतरवायला निघाले, आणि तेही चोरून. भाकरी सोडली. सकाळी कोरा चहा, दुपारी लिंबाचं पाणी. हे सगळं व्यवस्थित चालायचं दुपारी तीनपर्यंत. तीनला फडताळातला शेवेचा डबा मला हाक मारायचा. आमच्याकडची शेव म्हणजे जाड, लाल, लसणाची. एक तोंडात टाकली की जिभेला आग लागते आणि ती विझवायला दुसरी टाकावी लागते. पदराआड डबा धरून मी ती आग संध्याकाळपर्यंत विझवत बसायची. कोणाची चाहूल लागली की घास न चावताच गिळायची. त्यात काळजी, काळजीवर पुन्हा शेव. बरं, घरातलं काम तरी करावं ना? तेही सोडलं होतं. उपाशी बाईने दमू नये म्हणून!

शेजारी मारवाडी शेठचं किराणा दुकान होतं आणि मागे त्यांचं घर. शेठाणीला आम्ही भाभी म्हणायचो. बारीक, चपळ, सतत कसलं ना कसलं व्रत. मी त्यांना हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "बाई, एकासणं करा. दिवसातून एकदाच, एकाच जागी बसून जेवायचं. उठलं की संपलं."

मला हे फार आवडलं. एकाच जागी बसायचं, पण किती वेळ ते कुठे सांगितलंय? मी अकराला पानावर बसायची ती एकला उठायची. दोन तास! आत्याबाई दोनदा येऊन बघून गेल्या, ही पानावर झोपली तर नाही.

असे तीन आठवडे गेले. आपण किती उतरलो ते पाहायची मला घाई झाली. माणसं तोलायचा काटा दवाखान्यात, तिथे तर जाता येत नव्हतं. भाभींच्या दुकानात मात्र आढ्याला साखळ्यांनी टांगलेला पोती तोलायचा मोठा तराजू होता. दुपारी दुकान बंद असताना भाभींनी मला मागच्या दाराने आत घेतलं.

"कोणाला सांगू नका हं, बाई. तराजूत माणूस बसवला कळलं तर शेठ मला माहेरी पोचवतील."

मी एका पारड्यात मांडी घालून बसले, देवघरातल्या अन्नपूर्णेसारखी. भाभींनी दुसऱ्या पारड्यात वीस किलोचं वजन ठेवलं, दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. मी जमिनीवरच. मग दहाचं ठेवलं. मी तसूभरही हलले नाही.

"भाभी, काटा बिघडलाय का?"

"काटा बरोबर आहे, बाई," भाभी मोठ्या दुःखाने म्हणाल्या आणि इकडेतिकडे पाहत कोपऱ्यातली गुळाची ढेप उचलून त्यांनी वर ठेवली. तशी मी सर्रकन हवेत गेले. दोन्ही हातांनी साखळ्या धरून झुलते आहे, पाय सुटलेत, पदर लोंबतोय, आणि मागच्या दारातून कोण आत आलं? आत्याबाई. पापडांसाठी उडीद निवडायला.

त्या उंबऱ्यावर थांबल्या. कमरेवर हात ठेवला. मला खालपासून वरपर्यंत आणि मग ढेपेला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय वं, कितला मन भरनी?"

भाभींनी घाबरून ढेप उचलली. मी धप्पकन खाली आदळले आणि तिथेच, पारड्यात बसल्या बसल्या, रडायला लागले. रडता रडता सगळं सांगितलं. डॉक्टर रजेवर नव्हते, मी नापास झाले, तीन महिन्यांनी पुन्हा नापास झाले तर नोकरी दुसरीला जाईल, तुम्ही साखर वाटून बसलात, मी नळावर रोज खोटं बोलते, आणि हो, भावाच्या नादाने तपासणीआधी केळी खाल्ली.

"कितली?"

"अठरा."

आत्याबाईंचा चेहरा गंभीर झाला. "अठरा? आनि माले एक बी नही?"

एवढं म्हणून त्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. आवाज न करता, नुसतं अंग हलवत हसायच्या त्या. भाभी हसल्या. मग काय करता, मीही हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

मला वाटलं, आता त्या मला चार शब्द समजुतीचे सांगतील. छे! दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत बिबड्यांचा मोसम सुरू होत होता. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. चैत्र-वैशाखात आज हिच्या घरचे, उद्या तिच्या घरचे, असे सगळ्या बायका मिळून करायच्या. आत्याबाई या कामातल्या मुकादम. पहिल्याच घरी, वीस बायका जमलेल्या असताना, त्यांनी पदर खोचला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "आयका वं बठ्ठ्या! मनी वहू नापास व्हयनी. अठरा केळी खाईसन!"

धरणी दुभंगली असती तर मी आत गेले असते, पण मावले असते की नाही शंका आहे. बायका अशा हसल्या की चुलीवरचं आधण राहून गेलं. आणि मग एक गंमत झाली. एक म्हणाली, लग्नाआधी गोरी व्हावी म्हणून मी आठवडाभर चुन्याची निवळी तोंडाला लावली होती, सालटं निघाली. दुसरीने सांगितलं, पाहुणे बघायला आले तेव्हा उंच दिसावी म्हणून आईने तिला पाटावर उभं केलं होतं, आणि ती पाटावरून खाली पडली ती थेट होणाऱ्या सासऱ्याच्या पायावर. दुपारपर्यंत माझी अठरा केळी मागे पडली होती. दुसऱ्या दिवशी नळावर गेले तर "आली का ऑर्डर?" कोणी विचारेना. विचारायचं ते फक्त, "बाई, आज कितली केळी?" त्याला उत्तर द्यायला खोटं बोलावं लागत नव्हतं. त्या रात्री मी इतकी गाढ झोपले की धाकट्याने केस ओढून उठवलं.

बिबड्यांचं काम ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. तीन दिवस भिजलेली ज्वारी दळायची, उजाडताच मोठ्या पातेल्यात ते पीठ शिजत घालायचं, लसूण-मिरची-तीळ टाकायचे आणि कमरेएवढ्या लाकडी चाटूने हाटत राहायचं. हात थांबला की गाठी झाल्या, गाठी झाल्या की आत्याबाईंची जीभ सुटली. मग तो गरम घाटा बादलीत भरून वर धाब्यावर न्यायचा. आमची घरं धाब्याची, म्हणजे वर मातीचं सपाट छत, आणि वर जायला भिंतीला टेकवलेली शिडी. आत्याबाईंचे गुडघे दुखायचे. निदान त्या मोसमात तरी दुखायचे.

"जाय वं, वरलं धोतर वल्लं कर."

गेले.

"जाय, कावळा उनात, हाकल."

गेले.

"दख, वाळनात का?"

उतरले की पुन्हा, "आते उलटा कर."

ओल्या धोतरावर बिबडे थापायचे, वाळले की धोतर उलटं करून पाठीमागून पाणी शिंपडायचं, एकेक सोडवायचा, पुन्हा पसरायचा. पहिल्या दिवशी तिसऱ्या खेपेला मी शिडीच्या मधोमध थांबून धापा टाकत होते. खालून आत्याबाई म्हणाल्या, "थांब, ढेप आनस." आणि खालच्या सगळ्या खिदळल्या. मी रागाने उरलेल्या पायऱ्या एका दमात चढले.

उडदाच्या पापडांचं पीठ मुसळाने कुटायचं कामही माझ्याकडे आलं. पाट्यावर पिठाचा गोळा, त्याला तेलाचा हात, आणि वरून दणादण. सुरुवातीला मी डॉक्टरांना कुटायची. मग भावाला कुटायला लागले. काही दिवसांनी कोणीच आठवेना, नुसतं कुटत राहायची आणि शेजारणीचं बोलणं ऐकायची. सुनांना सासवांबद्दल आणि सासवांना सुनांबद्दल जे बोलायचं असतं ते मुसळाच्या आवाजात बिनधास्त बोलता येतं.

जेवायचं मात्र आत्याबाईंनी पक्कं ठरवून दिलं होतं. दुपारी सगळ्या एकत्र बसायच्या, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. पोटभर जेव, म्हणायच्या, पण ताटात घेऊन जेव. डब्यात हात घालून खाशील तर हात मोडेन. लिंबाचं पाणी त्यांनी माझ्या हातातून घेऊन तुळशीला घातलं. आणि नवल असं, की तीन वाजता शेवेचा डबा मला हाक मारीनासा झाला. मारत असेलही, मी धाब्यावर असायची, ऐकू यायचं नाही.

गल्लीत चौदा घरं होती. चौदाव्या घरचे बिबडे झाले त्या दिवशी पोलक्याची बटणं न ओढता लागली, ते मला आंघोळ करून निघताना कळलं. भाभींनी दोनदा विचारलं, बसता का तराजूत? मी विसरूनच गेले होते की बसायचं आहे.

फेरतपासणीचा दिवस आला तसं मात्र सगळं परत आलं. शाळा आठवड्यावर आल्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, मी येते. मला वाटलं, वाटेत केळी खाऊ नयेत म्हणून पहारा. दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही बसलो. माझं नाव सहावं होतं. मला वाटत होतं की सगळ्या पुढच्या बायका हडकुळ्या आहेत आणि त्यातलीच कोणीतरी माझी जागा घेणार आहे. मी सारखी पदराने मान पुसत होते.

आत्याबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि समोर बघत म्हणाल्या, "औंदा तुन्हा हातना बिबडा खारा व्हयनात."

मी उडालेच. "माझ्या हातचे? मीठ तुम्ही टाकलंत!"

"मी टाकं? मी अंदाज सांगा."

"अंदाज सांगितलात आणि वर मूठभर टाकलंत! मी पाहिलं ना. भाभींनाही विचारा."

"भाभीले काय इचारानं? ती आळनी खानारी."

आमचं असं रंगलं की शेजारची बाई मीठ कधी टाकावं यावर स्वतःचं मत देऊ लागली. कंपाउंडरने माझं नाव तिसऱ्यांदा ओरडून घेतलं तेव्हा मी उठले, तीही मागे वळून बोलत. काट्यावर उभी राहिले तेव्हाही मी दाराकडे तोंड करून म्हणत होते, "चाटू माझ्या हातात होता, मीठ नव्हतं!"

"कोणाशी चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सासूबाईंशी."

"रोज भांडता?"

"रोज."

त्यांनी पट्टा बांधला, फुगा दाबला, कान लावून ऐकलं. पुन्हा एकदा दाबला. रोजचं भांडण म्हणजे रोजच्या भाकरीसारखं, त्याने कोणाचं रक्त उसळत नाही. माझं तर उलट जागेवर आलं असावं. कारण त्यांनी पेन उघडलं, "पात्र" असं लिहिलं आणि खाली सही केली. मी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांना केळ्यांचं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. त्यांनी नर्सला बोलावलं आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

बाहेर आले तर आत्याबाई त्या शेजारच्या बाईशी बोलत होत्या. मी कागद पुढे केला. वाचता येत नव्हतं त्यांना. त्यांनी तो हातात घेऊन उलटा धरला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घडी करून कमरेला खोचला. घरी येईपर्यंत दिला नाही.

शाळा मिळाली ती एका खेड्यात, एसटीच्या थांब्यापासून कोसभर पायी. सकाळी सातची गाडी, संध्याकाळी दिवेलागणीला परत. पहिल्या दिवशी मी नवं लुगडं नेसले, पेटीतलं सर्टिफिकेट उगीचच पिशवीत घातलं आणि डबा घेतला. नवरा म्हणाला, "बरं." धाकटा आत्याबाईंच्या कडेवर होता. मी वाकून नमस्कार केला. आशीर्वाद द्यायच्या ऐवजी त्यांनी धाकट्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि मी ओट्याच्या पायऱ्या उतरून गल्लीत आले तेव्हा मागून म्हणाल्या, "तू ते चालनी वं माय. आते मी दिनभर कोनासंगे भांडू?"